हलक्या धानाचा आठवडा

"वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

डॉक्टरने रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. जानेवारीची मासिक सभा होती. आरोग्य केंद्राच्या लांब खोलीत आम्ही चाळीसेक जण बसलो होतो. नर्सबाया, आरोग्यसेवक, आशा, क्लार्क, गाडीचा ड्रायव्हर. पुढ्यात चहा आणि कागदावर चिवडा. मी एकटी उभी होते.

मी वाचलं. "मैनी. वय बावीस. दुसरी खेप. पहिलं बाळंतपण ऑपरेशनने. शेवटच्या पाळीची तारीख..."

"हां. तीच वाच."

"हलका धान कापला तो आठवडा. कुर्म्यात होती."

खोलीभर हसू फुटलं. कुणाच्या तरी नाकात चहा गेला. डॉक्टर स्वतः हसत नव्हता. तो हसवत होता. सगळ्यांचं होईपर्यंत हाताची घडी घालून थांबला आणि म्हणाला, "ही नर्स आहे की गावची कोतवालीण? संगणकात काय भरायचं? धान?"

कुर्मा म्हणजे आमच्या टोल्यांवर, जंगलातल्या पाड्यांवर, वस्तीच्या कडेला असते ती झोपडी. पाळीचे चार-पाच दिवस बाईने तिथे काढायचे. घरात यायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, शेतात जायचं नाही. सभेतल्या निम्म्या लोकांना कुर्मा काय ते चांगलं ठाऊक होतं. तरी हसले.

"सर, बाजूला पेन्सिलने तारीख काढली आहे. चौदा ऑक्टोबर," मी म्हणाले.

"ऑक्टोबर? धान ऑक्टोबरात कापतात?" त्याने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं. "आमच्या घरी तीन पिढ्या धान आहे. आमच्या गड्याचं पोरही सांगेल, कापणी डिसेंबरात. तू कुठल्या शाळेत शिकलीस? आश्रमशाळेत गणित नव्हतं का? सीट कोट्यातून आणि डोकं जंगलातून!"

पुन्हा हशा.

"मोज. बोटावर मोज. धान कापल्यापासून आजवर किती महिने झाले?"

मी एकतीस वर्षांची बाई. नऊ वर्षांची नोकरी. पावसाळ्यात नाले ओलांडून बाळंतपणं केलेली. मी डावा हात वर केला आणि चाळीस जणांसमोर पहिलीतल्या पोरीसारखी बोटं मोजायला लागले. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी.

"चूक," तो म्हणाला. खिशातून लाल पेन काढलं, माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं, एक डिसेंबर. पेन्सिलीची तारीखही खोडली. कार्डावर तीच तारीख उतरवायला लावली आणि पुढे बोट ठेवलं. "इथे सही कर."

मी सही केली. आणि मी हसले. हे मला सांगितलंच पाहिजे. सगळे हसत होते, म्हणून मीही हसले. माझ्याच टोल्यावरच्या बाईच्या पोटावर, माझ्याच आईच्या, आजीच्या कुर्म्यावर मी दात काढले. का? तर पुढच्या ऑगस्टात माझा अकरा महिन्यांचा करार संपणार होता आणि त्यावर त्याची सही लागणार होती. एवढंच कारण. दुसरं शोधूनही सापडत नाही.

आता धानाचं सांगते. नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखेच हसाल.

आमच्याकडे धान एक नसतो. उंचवट्याच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, जिथे पाणी टिकत नाही, तिथे हलका धान. तो लवकर पिकतो, दसऱ्याच्या मागेपुढे कापतात. सखल बांध्यांत, तळ्याखाली, भारी धान. तो नोव्हेंबर सरताना, डिसेंबर लागताना. दोन्हींत दीड महिन्याचं अंतर असतं. ज्याचं घर कालव्याच्या पाण्यावर आहे त्याच्या शेतात भारीच धान होणार. त्याला हलका धान माहीत नसावा यात काही गुन्हा नाही. विचारायला त्याची जीभ झडत होती काय, एवढंच मला त्याला विचारायचं आहे.

आणि मैनीला तारीख नक्की माहीत होती. कॅलेंडर असलेल्या बायकांपेक्षा नक्की. पहिल्यांदा मी तिच्याकडे गेले तेव्हा ती अंगणात टोपली विणत होती. विचारलं, पाळी शेवटची कधी आली? तिने वरही न बघता सांगितलं, "हलका धान कापून राह्यले होते ना, तवा. मी कुर्म्यात होती. सारे बांधीत गेले, मी एकटी. दुरून गाणे ऐकून राह्यली होती. लय राग आला मले."

वर्षाचं पहिलं धान. सगळा टोला बांधीत. आणि ही झोपडीत बसून दुरून गाणी ऐकते. असा दिवस कोणती बाई विसरेल? तिच्या रागानेच ती तारीख पक्की करून ठेवली होती. प्रशिक्षणात आम्हाला हेच तर शिकवलं होतं. तारीख आठवत नसेल तर सण विचारा, शेतीचं काम विचारा, त्यावरून हिशोब काढा. मी तेच केलं होतं.

कुर्म्याचं कौतुक मी करत नाही, कुणी तसं समजू नये. मी त्या झोपडीत दिवस काढलेत. वरून पाणी, खालून विंचू. आश्रमशाळेत मैत्रिणींना मी सांगायचे की आमच्याकडे तसलं काही नसतं. पाहुणे येतात, झोपडीचे फोटो काढतात, च्‌ च्‌ करून जातात. मला त्या झोपडीचा राग आहे. पण त्या झोपडीत बसलेल्या बाईला अक्कल नसते, हे मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

तर त्या लाल तारखेने मैनी सात आठवड्यांनी मागे गेली. आमचं सगळं काम त्या एका तारखेवर चालतं. त्यावरून बाळंतपणाची तारीख निघते, त्यावरून पावसाळ्याची यादी निघते. पावसात रस्ता तुटणाऱ्या टोल्यांवरच्या बायकांना दिवस भरायच्या आधी महिनाभर केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. माहेरघर म्हणजे आठ खाटांची खोली, एक चूल, एक संडास. जुलैच्या यादीत मैनीचं नाव पाहिजे होतं. ते सप्टेंबरच्या यादीत पडलं.

पहिलं ऑपरेशन झालेल्या बाईला घरी कळा येऊ द्यायच्या नसतात. जुना टाका उसवू शकतो. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, कार्डावर लाल शिक्क्याने लिहिलेलं होतं, अतिजोखीम. सोनोग्राफी तालुक्याला. दोनदा नेलं तिला. दोन्ही वेळा मशीनवाला डॉक्टर रजेवर.

जुलै लागला. पोट बघूनच मला कळत होतं की दिवस भरत आलेत. मी यादीची वाट पाहिली नाही. मैनीला घेऊन निघाले. टोल्यापासून केंद्र आठ किलोमीटर. चिखल होता. दर थोड्या वेळाने ती कमरेवर हात ठेवून थांबायची आणि मला म्हणायची, "तू थकली असशीन व बाई, बस जराशी." मी थकले असेन! दिवस भरलेली ती, आणि बस मला म्हणते.

डॉक्टर व्हरांड्यात उभा होता. कार्ड हातात घेतलं, तारीख वाचली.

"आठवा तर आत्ता लागलाय. आणि आतापासून खाट अडवणार?"

"सर, एकदा पोट तपासा. मी हाताने मोजलंय. भरलंय."

"तू मोजलंस?" तो हसला. "परत बोटावर?"

मागे क्लार्क हसला. त्याला जानेवारी आठवत होता. सगळ्यांना आठवत होता.

त्याने मैनीच्या पोटाला हात लावला नाही. आत या, झोपा, म्हणाला नाही. तिच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. "ऑगस्टच्या पंधरा तारखेनंतर आण. आणि येताना आंघोळ करून येत जा म्हणावं." कार्ड त्याने माझ्या हातातही दिलं नाही, कठड्यावर टाकलं. औषधाच्या खिडकीतून मी लोहाच्या गोळ्या घेतल्या, कारण रिकाम्या हाताने परत जायची मला लाज वाटली.

फाटकाबाहेर मैनीने विचारलं, "काय म्हने तो?"

"पुढच्या महिन्यात या म्हणे."

"पन बाई, माये दिस तर भरले ना."

आणि मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणून राह्यले तर त्याइले समजत असन ना."

त्या वाक्याची मी गुन्हेगार आहे. एसटीत बसवून तिला सरळ तालुक्याला नेता आलं असतं. केंद्राच्या गाडीला त्याची सही लागते, एसटीला लागत नाही. मला ते सुचलं नाही असं नाही. मला भीती वाटली. हे मी आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते लिहायचा मला हक्क राहील.

ती पुन्हा आठ किलोमीटर चालत गेली.

सतरा दिवसांनी सकाळी कळा सुरू झाल्या. दोन दिवस पाऊस लागून होता. मी टोल्यावर पोचले तेव्हा तिच्या नवऱ्याने आणि दिराने खाट उलटी करून बांबूला बांधली होती. चौघांनी उचलली. सासू मागे, मी बाजूला. केंद्राच्या अलीकडे नाला आहे, त्यावर रपटा, पाण्यालगतचा बुटका पूल. रपट्यावरून कमरेएवढं पाणी चाललं होतं. पलीकडे गाडी उभी होती. रशीदभाई, आमचा ड्रायव्हर, गावातल्या मुसलमान मोहल्ल्यातला माणूस. फोन लागला तसा सही न घेता निघून आला होता. दोर कमरेला बांधून दोनदा पाण्यात उतरला. दोन्ही वेळा पाण्याने त्याला आडवं केलं. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबरच्या माणसांनी त्याला ओढून काढलं.

दुपारचे बारा वाजले असतील. मैनीच्या कळा एकदम थांबल्या.

सासूने सुटकेचा श्वास टाकला. "थांबल्या व बाई. बरं झालं. आता पानी उतरेवर दम धरन ते."

कळा अशा एकदम थांबतात तेव्हा आतला जुना टाका उसवलेला असतो, हे मला शिकवलेलं होतं. मी मैनीचा हात धरला. ती थंड घामाने भिजली होती. मग रक्त आलं. बाळाचं डोकं खाली आलेलं होतं, मी ओढून काढलं. मुलगी होती. रडली नाही. तोंडात तोंड घालून फुंकलं, पाठ चोळली, छाती दाबली. नाही रडली. मैनीचं रक्त थांबत नव्हतं. माझ्याजवळ दोन इंजेक्शनं होती, ती दिली. मूठ आत घालून दाबून धरलं. पलीकडे गाडी दिसत होती. त्या गाडीवर लिहिलेली अक्षरंही मला वाचता येत होती.

मैनी तिथेच, नाल्याकाठी गेली. माझ्याकडे बघत होती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी एक गोष्ट केली. नाल्याकाठच्या माणसांना मी वेडी वाटले असेन. पिशवीतून काटा काढला, बाळाला झोळीत घातलं आणि वजन केलं.

सासू ओरडली. "काऊन तोलून राह्यली व बाई? मेली ना ते! मेलीले काय तोलतं?"

"तोलू दे बाई," मी म्हणाले. "उद्या हे म्हनतीन, आठव्या महिन्याची होती."

दोन किलो आठशे. नखं बोटांच्या टोकापर्यंत आलेली. डोक्यावर दाट केस. पूर्ण दिवसांची पोर. मी कार्डावर लिहिलं, वेळ लिहिली. सासूने बोटाला शाई लावायची म्हणून हात पुढे केला, पण तिच्या बोटाला सुनेचं रक्त होतं. तोच अंगठा उमटला. मी पुसू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरने बोलावलं.

"बसा, सिस्टर."

नऊ वर्षांत कुणी मला तिथे बसा म्हटलं नव्हतं. तो तर मला "ए" म्हणायचा. चहा मागवला. पंख्याची दिशा माझ्याकडे केली. आणि टाइप केलेला एक कागद सरकवला. मी वाचला. गरोदर मातेची मुदतपूर्व प्रसूती. आठवा महिना. नातेवाइकांनी अंधश्रद्धेपोटी तिला कुर्माघरात ठेवले व वारंवार समजावूनही दवाखान्यात येण्यास नकार दिला. खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

"ती आली होती, सर. चालत आली होती."

"नोंद कुठे आहे?"

त्याने केसपेपर काढू दिला नव्हता. म्हणजे त्या दिवशी व्हरांड्यात ती उभीच नव्हती.

"हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला, "या लोकांचं असंच असतं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही काही त्यांच्यातल्या राहिल्या नाहीत. गेलेली बाई काही परत येणार नाही. पुढच्या महिन्यात तुमचा करार आहे. रस्त्यावरचं उपकेंद्र देतो."

त्यांच्यातल्या राहिल्या नाहीत. जानेवारीत मी जंगलातली होते. जुलैत नाही राहिले. एका सहीसाठी त्याने मला जातीबाहेर काढून पंख्याखाली बसवलं होतं.

मी पेन उचललं. त्याचा चेहरा सैल पडला, मी पाहिलं ते. अजून रोज बघते. मी कागदावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोठ्या अक्षरात लिहिलं, हे खोटं आहे. त्याखाली सही केली, पूर्ण नाव, आडनाव, गाव, जमात. चहा तसाच ठेवला आणि उभी राहिले.

"नोंद आहे, सर. त्या दिवशीच्या गोळ्यांची. मैनीच्या कार्डावर, तुमच्याच खिडकीची."

"रजिस्टर जमा करून जा," तो ओरडला. "ए! रजिस्टर!"

पुन्हा ए. बरं वाटलं मला ते. निदान खरं होतं.

रजिस्टर माझ्या पिशवीत होतं. मी ते टोल्यावर नेलं. मैनीच्या सासूने धान साठवायच्या ढोलीत खाली ठेवलं आणि वरून धान ओतला. आठ दिवसांत दोनदा केंद्राची माणसं येऊन विचारून गेली. सासू त्यांना म्हणाली, "मले वाचता नाई येत बाप्पा, मायाजवळ कायचं पुस्तक?"

माता मृत्यूची चौकशी लागली ती ऑक्टोबरात, जिल्ह्याच्या ठिकाणी. तोवर माझा करार संपला होता. वाढवला नव्हता. रशीदभाई स्वतःच्या मोटारसायकलवर मला आणि सासूला घेऊन आला. वाटेत एके ठिकाणी थांबला, गाडी स्टँडला लावली आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "ताई, एक बात सांगायची होती. त्या दिवशी मीटिंगमधी मी बी हसलो होतो. जोरात. आता ते आवाज कानातून जाऊन नाई राह्यला."

"मी पण हसले होते, भाऊ," मी म्हणाले. त्याने गाडीला किक मारली.

लांब टेबल. टेबलामागे पाच जण. मधोमध एक मोठ्या साहेबीणबाई. भिंतीवर कॅलेंडर. डॉक्टर इस्त्रीच्या शर्टात, हातात फाइल. रशीदभाईने सांगितलं की जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने मैनीला व्हरांड्यात उभी पाहिली होती. मी कार्ड दाखवलं, त्यावरची गोळ्यांची नोंद दाखवली, वजन दाखवलं, रक्ताचा अंगठा दाखवला. मग पिशवीतून रजिस्टर काढलं. त्यातून धानाचे दोन-चार दाणे टेबलावर सांडले. लाल शाईखाली माझी ओळ अजून वाचता येत होती.

साहेबीणबाईंनी ती वाचली. "हलका धान म्हणजे काय?"

डॉक्टर पुढे झाला. "मॅडम, हेच तर म्हणतोय मी. या बायकांना तारीख सांगता येत नाही. धान कापणी म्हणजे डिसेंबर, मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा..."

सासू कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. खुर्ची दिली होती, ती बसली नव्हती. ती उठली. कमरेच्या ओच्यातून तिने एक जुडी काढली आणि टेबलावर ठेवली. पिवळ्या लोंब्या. देठ अजून ओले होते.

"हा हलका धान," ती म्हणाली. "आज सकायी कापला अन्‌ आली. टोला अजून कापूनच राह्यला हाय. मागल्या वर्सी बी याच दिसात कापला. तवा मायी सून कुर्म्यात होती, मीच भाकर नेऊन देत होती तिले." मग भिंतीकडे बोट केलं. "मले वाचता नाई येत, साहेबीणबाई. तुमीच सांगा, त्या कागदावर आज कोनता महिना हाय?"

पाचही माणसांनी कॅलेंडरकडे पाहिलं. एकाने तर चष्मा लावून पाहिलं. ऑक्टोबर. चौदा नाही, सोळा तारीख. मी दोन दिवसांनी चुकले होते. तो सात आठवड्यांनी.

सासूने दोन्ही हात वर केले आणि बोटं मोजायला लागली, आमच्या भाषेत. उंदी, रंड, मुंड... हलका धान, भारी धान, मळणी, मोहा, तेंदूपत्ता, पेरणी, करत नवव्या बोटाला नाला आला. तिथे ती थांबली. बोट तसंच उभं राहिलं.

मी डॉक्टरकडे वळले. "सर, आता तुम्ही मोजा. बोटावर. मोठ्याने."

त्याने साहेबीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, इथे असं बोलायचं नाही. बसा."

मी बसले नाही. त्याने मोजलं नाही. त्याने फाइल बंद केली, आणि त्याचे दोन्ही हात टेबलाखाली गेले. ते मी पाहिलं. जानेवारीत माझा हात चाळीस जणांसमोर हवेत होता. त्याचे टेबलाखाली.

भारी धान कापायच्या दिवसांत अहवाल आला. समन्वयाचा अभाव. संबंधितांना समज देण्यात आली. डॉक्टरची बदली झाली, विनंतीवरून, शहराला लागून. माझ्या कामावर शेरा आला, असमाधानकारक. मैनीच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं नाही. सासूने त्या दिवसापासून माझ्या घरचं पाणी प्यायला सुरुवात केली, आधी पीत नव्हती, का ते मी कधी विचारलं नाही.

मला लोक सांगतात, झालं गेलं विसर. तो गेला ना इथून. दुसरी नोकरी बघ, खाजगी दवाखान्यात नर्सा पाहिजेच असतात. समजूत घालणाऱ्यांत जानेवारीत हसलेलेही आहेत.

मी विसरणार नाही. माफ तर मुळीच करणार नाही, आणि माफ केल्याने मन हलकं होतं असं मला कुणी शिकवायला येऊ नये. मला मन हलकं करायचंच नाही. मी अपील केलं आहे. अहवालाची प्रत मागितली, नाही म्हणाले. पुन्हा मागितली. आयोगाकडे अर्ज केला, त्यावर सासूचा अंगठा आहे, या वेळी शाईचा. त्याच्या नव्या दवाखान्याचा पत्ता मी काढून ठेवला आहे. तिथल्या बायकांनाही मी भेटून आले. त्यांना विचारलं, हा तुमच्या पोटाला हात लावतो का? त्यांची उत्तरं लिहून घेतली, त्यांच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता.

आणि मी काम थांबवलेलं नाही. पगार नाही, शिक्का नाही, पण टोले आहेत आणि वही आहे. माझ्या वहीत पहिला रकाना बाईच्या शब्दांचा. मोहा पडला तेव्हा. तेंदूची पानं द्यायला फळीवर होती तेव्हा. हलका धान, भारी धान, वेगवेगळे. तारीख त्याच्यानंतर. बाईचा अंगठा शेजारी. दिवस भरत आले की मी यादीची वाट बघत नाही, एसटीत बसवते आणि तालुक्याला नेते. दाराशी उभी राहते. पोटाला हात लावेपर्यंत हलत नाही. मागच्या पावसाळ्यात मला दोन वेळा शिपायाने बाहेर काढलं. दोन्ही वेळा मी आत आले.

धानाची ती जुडी मी परत आणली. माझ्या दारावर टांगली आहे. आता पार वाळलीय. सासू म्हणते, उंदरं खातीन, काढून टाक. मी काढणार नाही. तो जिथे जाईल तिथल्या प्रत्येक चौकशीत, प्रत्येक तारखेला ती माझ्या पिशवीत असेल. मला त्याची नोकरी नको, त्याचा पैसा नको, त्याची माफीही नको. त्याने टेबलाखालचे हात वर काढायचे. बोटं उघडायची. चाळीस माणसांसमोर, हलक्या धानापासून त्या नाल्यापर्यंत, एक-एक महिना मोठ्याने मोजायचा. नऊ होईपर्यंत मी त्याच्यासमोरून उठणार नाही.